एजन्सी कुणाची

नोकरी सोडून आपलं काहीतरी करावं, हा विचार माझ्या डोक्यात नक्की कधी शिरला ते सांगता येत नाही. साताऱ्यात एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो. आवक-जावक माझ्याकडे होती. पगार पहिल्या तारखेला व्हायचा, साहेब बदलत राहायचे आणि माझं टेबल खिडकीकडून दाराकडे, दाराकडून खिडकीकडे सरकत राहायचं. वाईट काहीच नव्हतं. तरी चहाला बाहेर पडलो की मी पोवई नाक्यापर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत जायचो. पाटीच्या खाली बारीक अक्षरात ‘अधिकृत विक्रेते’ लिहिलेलं दिसलं की तिथं पाय अडखळायचा.

आमच्या लोकांत धंदा हे आपलं काम नव्हे असंच धरून चाललेलं. घरटी एक शेतात, एक पलटणीत आणि जरा शिकला असेल तर एक कचेरीत. माझे एक चुलते म्हणायचे, “व्यापाऱ्याच्या पोराला तागडी धरायला शिकवावी लागत न्हाई. आपल्याला बंदूक धरायला शिकवावी लागत न्हाई. उलटं कशाला करायचं?” चुलत्यांनी स्वतः बंदूक धरली नव्हती, ते पलटणीत स्वयंपाकी होते. पण त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं हे मलाही वाटायचं. मला तागडी धरता येणार नाही. गिऱ्हाईकाशी गोड बोलता येणार नाही. उधारी मागता येणार नाही.

म्हणूनच मला नुसतं दुकान नको होतं. एजन्सी हवी होती. एजन्सीत नाव कंपनीचं, माल कंपनीचा, भावही कंपनीच ठरवणार. आपण फक्त खुर्चीवर बसायचं आणि पावत्या फाडायच्या. पावती मला फाडता येत होती, तेच तर आयुष्यभर करत आलो होतो. फरक एवढाच की खुर्ची आपली. शिलाई मशीनची एजन्सी, खताची एजन्सी, पंखे आणि मिक्सरची एजन्सी, असं मी एकेक मनात चालवून बघितलं होतं. शिलाई मशीनच्या बाबतीत तर मी पत्रव्यवहारही केला. जागा, अनामत रक्कम आणि अनुभव, तिन्ही विचारल्यावर गप्प बसलो. शेजारच्या टेबलावरचा कारकून मला ‘शेठ’ म्हणायला लागला होता. “शेठ, आज दुकान उशिरा उघडलं का?” असं तो मी लेट झालो की विचारायचा.

बायकोला यातलं काहीच पसंत नव्हतं. “पैल्या तारखेला पगार हाय. पोरगी शाळंत जातीया. कशाला हात घालताय नसत्या कामात?” एवढंच ती म्हणायची आणि कामाला लागायची.

माझा धाकटा भाऊ पलटणीत होता. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला. त्याच्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही, ते वेगळं आहे. त्याची बायको तेव्हा जबलपूरहून परत आली. तिथं ती क्वार्टरमध्ये त्याच्याबरोबर राहत होती. मूलबाळ नव्हतं. तिचं माहेर कवठे महांकाळकडचं. तिचे भाऊ तिला नेणार होते, पण बाहत्तरच्या दुष्काळात तेच बायकामुलांसह खडी फोडायच्या कामावर होते. आमचे आईवडील आधीच गेलेले. म्हणून ती साताऱ्याला आमच्या दोन खोल्यांत राहायला आली.

आता आमच्यातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरापुढं बोलत नाही. दीर समोर असला की डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याच्या बरोबरीनं खाटेवर-खुर्चीवर बसत नाही. मी घरी आलो की ती आतल्या खोलीत. मीही दारात खाकरायचो आणि मग आत पाऊल टाकायचो. काही सांगायचं असलं तर ते माझ्या बायकोमार्फत. “च्या झालाय म्हणावं.” “म्हणावं, उद्या पाणी येणार नाही.” मधल्या उंबऱ्यात बायको उभी, एका अंगाला ती, एका अंगाला मी. आम्ही दोघं एकमेकांचं बोलणं सरळ ऐकत होतो, तरी बायको ते पुन्हा सांगायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ही मानाची रीत होती आणि मान माझा होता.

लढाई होऊन दोन-अडीच वर्षं झाली असतील. सैनिकांच्या कचेरीत कसला तरी कागद पोचवायला गेलो असताना तिथं भिंतीवरची नोटीस वाचली. सांगलीला गॅसची एजन्सी द्यायची आहे, लढाईत कामी आलेल्यांच्या बायकांना प्राधान्य. मी ती नोटीस उभ्याउभ्या पुन्हापुन्हा वाचली. त्या काळी गॅस म्हणजे डॉक्टर-वकिलांच्या घरात. पण मागणी वाढत चालली होती आणि नंबर लावून लोक वाट बघत बसायचे. गिऱ्हाईक शोधायलाच नको. मला आधी भाऊ आठवला नाही, भावजयही आठवली नाही. आधी मला खुर्ची दिसली. ते तसंच झालं.

संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत बसून सांगितलं. बायको उंबऱ्यात होती.

“तिला म्हणावं, सांगलीला गॅसची एजन्सी मिळणार हाय. अर्ज तिच्या नावानं करायचा.”

आत हलक्या आवाजात काहीतरी बोलणं झालं. बायकोनं मान माझ्याकडं वळवली.

“दुकानावर कोण बसणार म्हणती.”

“मी बसणार. दुसरं कोण?”

“आणि तिनं काय करायचं?”

“हे तिनं इचारलं का तू इचारतीस?”

“कुणी का इचारंना. सांगा की.”

मी म्हणालो, तिला काही कमी पडू देणार नाही. आतून त्यावर काही आलं नाही. मी ते होकार म्हणून धरलं. तिनं अर्जावर सही केली, ती सातवीपर्यंत शिकलेली होती. सहीसुद्धा बायकोनं आत नेऊन आणली.

गोडाऊनसाठी गावाबाहेर मोकळी जागा दाखवावी लागणार होती. सांगलीत माझ्या ओळखीचे एक जैन व्यापारी होते. जमिनीच्या कामासाठी ते आमच्या कचेरीत यायचे, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. हळदीची वखार होती आणि मिरज रस्त्याला शेत. पत्रानं काम कळवून, रविवार गाठून मी त्यांच्याकडं गेलो. अण्णा वखारीत पोत्यावर बसून हळकुंडं मोडून बघत होते.

“बसा साहेब. हळदीवर बसा, तेवढाच तुमाला रंग. मग, मालक कोण म्हणायचं?”

“एजन्सी भावजयीच्या नावावर हाय.”

“नावावर कोण ते न्हाई इचारलं. सकाळी कुलूप कोण काढणार?”

“मी.”

“आणि त्या?”

“घरात.”

अण्णांनी एक हळकुंड मोडलं, आत बघितलं, बाजूला टाकलं. “म्हंजे नवरा त्यांचा गेला आणि दुकान तुमाला.”

ते कुचकट बोलले नाहीत, हळदीचा भाव सांगावा तसं बोलले. मी हसलो. तेही हसले. जागा द्यायला त्यांची ना नव्हती. निघताना मात्र म्हणाले, “एक ध्येनात ठेवा. कंपनीची माणसं तुमच्यापेक्षा शाणी असतात. मुलाखतीत ती बाईलाच बोलतं करणार. मुका मालक म्हंजे मुनिमाचं राज्य, हे त्यांनाबी कळतंय. बाईंना बोलायची सवय लावा.”

हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ते तिनं फारच मनावर घेतलं. ज्या बाईला माझा धंद्याचा नाद मुळीच पसंत नव्हता तिनंच रोज संध्याकाळी आत स्वयंपाकघरात मुलाखतीची तालीम सुरू केली. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसायचो. आत बायको साहेब व्हायची.

“काय बाई, ग्यास मंजे काय असतंय?”

“साहेब, तुमाला म्हाईत न्हाई? मग एजन्सी द्यायला कसं काय बसलाय?”

“ए, साहेबाला असं बोलत्यात व्हय गं?”

दोघी हसायच्या. आमची मुलगीही हसायची. मी इतकी वर्षं भावजयीचा आवाज ‘च्या झालाय’ एवढ्यापुरताच ऐकला होता. तो आवाज मोठा आणि मोकळा होता. जबलपूरला पलटणीतल्या बायकांच्या केंद्रात तिनं गॅसवर स्वयंपाक करून बघितला होता, शेगडी जोडायची कशी, वास आला तर काय करायचं, हे तिथं शिकवलं होतं. ते ती धडाधडा सांगायची. मधूनच हिंदी. “अगर साहब हिंदी में पूछे तो?” असं तीच विचारायची आणि तीच उत्तर द्यायची.

एका संध्याकाळी बायकोनं विचारलं, “एजन्सी चालवणार कोण?”

“मी चालवणार.”

“टाक्या कोण उचलणार?”

“त्याला दोन गडी ठिवीन. पर शेगडी जोडायला घरात मी सोता जाणार. बाप्या माणसाला चुलीपतूर कोण येऊ देतंय, आक्का? बायकांना भ्या वाटतंय ग्यासचं. त्यांच्यापशी बसून च्या करून दाखवला की भ्या जातंय.”

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. मी मनात चालवलेल्या एवढ्या एजन्स्यांत मी एकदाही खुर्चीवरून उठून कुणाच्या घरी गेलो नव्हतो.

“आणि थोरलं दीर?” बायकोनं विचारलं.

“त्यांची नोकरी हाय की. येवढी चांगली नोकरी, ती कशाला सोडतील?”

यावर आत कुणी हसलं नाही. बायको उंबऱ्याशी आली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत आत गेली.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या संध्याकाळी मी काही ठरवलं नाही. ते खरं नाही. साहेबांनी तिला विचारलं की ती ‘मी चालवणार’ म्हणणार, हे मला कळलं होतं. एकदा साहेबांसमोर तसं म्हटलं की ते पक्कं. मग एजन्सी तिची, अगदी सकाळच्या कुलपापासून. ती सांगलीला राहील. मी साताऱ्यात खिडकीकडून दाराकडे. मला हेही कळलं होतं की मी समोर असलो तर ती बोलणार नाही.

मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत सांगलीच्या डाकबंगल्यावर होती. जायचं ठरलं होतं दोघी जावांनी. आदल्या दिवशी मी बायकोला म्हणालो, “तू राहू दे. पोरीची परीक्षा हाय. मी नेतो तिला.”

“आवं, तुमच्या म्होरं ती बोलंल का?”

“मी बाहेर बसंन. तेवढं कळतंय मला.”

“नक्की बसा,” बायको म्हणाली. ती इतकंच म्हणाली, पण सकाळी एसटीत बसवून देताना पुन्हा एकदा म्हणाली.

एसटीत भावजय पुढं बायकांच्या सीटवर बसली, मी मागं. कऱ्हाड, पेठ, इस्लामपूर, आष्टा. उसाच्या गाड्या आडव्या आल्या की एसटी थांबायची आणि मी तिच्या डोक्यावरच्या पदराकडं बघत बसायचो. तिनं फिकट निळं लुगडं नेसलं होतं, माझ्या बायकोचं. जबलपूरची एक पर्स होती, ती मांडीवर घट्ट धरलेली. आष्ट्याला मी चहा घेतला आणि पोऱ्याबरोबर एक कप तिला पाठवला. तिनं घेतला.

डाकबंगल्याच्या व्हरांड्यात आणखी काही बायका होत्या. कुणाबरोबर बाप, कुणाबरोबर भाऊ. शिराळ्याकडची एक बाई होती, तिच्याबरोबर तिचा दीरच होता, पण तो धाकटा. ती त्याला सगळ्यांसमोर रागवत होती. “आरं, कागदं हितं दे. तुज्यापशी ठिवली की गेलीच.” तो हसत होता. मला ते बघवेना, मी दुसरीकडं बघत बसलो.

शिपायानं भावजयीचं नाव पुकारलं. म्हणाला, “बरोबरचा माणूस आत आला तरी चालंल, न्हाई आला तरी चालंल.”

मी उठलो. ती दोन पावलं पुढं गेली होती, ती थांबली. माझ्याकडं तोंड न करता, व्हरांड्याच्या खांबाकडं बघून ती म्हणाली, “भावजी, तुमी हितंच बसा.”

आमच्या घरात आल्यापासून ती माझ्याशी सरळ बोललेलं हे पहिलं वाक्य. आजपर्यंत तेच शेवटचंही. ते बोलायला तिला काय पडलं असेल ते मला ठाऊक होतं. रीत मोडून तिनं तेवढं मागितलं होतं. शिपाई दार धरून उभा होता. मी तिच्या मागोमाग आत गेलो.

आत टेबलामागं तिघं होते. एक मुंबईहून आलेला, तो हिंदीत बोलत होता. एक निवृत्त लष्करी अधिकारी. आणि एक आपल्या भागातला, वयस्क, टोपीवाला. समोर दोन खुर्च्या होत्या. मी एकीवर बसलो. ती उभीच राहिली. मुंबईच्या साहेबानं तिला ‘बैठिए’ म्हटलं. ती बसली नाही. मी बसलेला असताना ती बसणार नव्हती. मला उठता आलं असतं.

शिक्षण विचारलं. मी सांगितलं, सातवी. गॅसबद्दल काय माहिती आहे विचारलं. ती खाली बघत उभी. मी म्हणालो, “थोडंफार कळतं तिला.” लष्करी साहेबानं हिंदीत विचारलं, पतीची पलटण कुठली. तेही मीच सांगितलं. मी ते सांगत असताना तिनं पदराचं टोक मुठीत धरलं, एवढं मला दिसलं.

टोपीवाल्याला उमगलं. तो आमच्याच भागातला होता, त्याच्या घरीही हीच रीत असणार. तो शांतपणे म्हणाला, “पाहुणं, तुमी जरा भाईर थांबा. बाईंना बोलू द्या.”

म्हणजे दुसऱ्यांदा संधी मिळाली. मी म्हणालो, “साहेब, ती घाबरती. माझ्याशिवाय तिचं चालायचं न्हाई.”

“एजन्सी कोण चालवणार?” त्यानं विचारलं.

“मी.”

“तुमी काय करता?”

“सरकारी नोकरीत हाय. राजीनामा देणार.”

“मग बाई काय करणार?”

“ती घरात. तिला आमी काय कमी करणार न्हाई.”

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मुंबईच्या साहेबाला टोपीवाल्यानं काहीतरी इंग्रजीत सांगितलं. तेवढ्यात तिनं तिघांना हात जोडून नमस्कार केला आणि वळून बाहेर गेली. कुणी जा म्हटलं नव्हतं. मी खुर्चीवर तसाच बसलेला. दार उघडं होतं. व्हरांड्यात ती शिपायाला विचारत होती, कवठे महांकाळची एसटी कुठून सुटते, आता किती वाजता आहे, मिरजेवरून जाते का. प्रत्येक शब्द आत ऐकू येत होता. त्या आवाजात भीती कुठं नव्हती. टोपीवाल्यानं समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाला, “या आता.”

मी बाहेर आलो तेव्हा ती निघून गेली होती. स्टँडवर गेलो. कवठ्याच्या गाडीत खिडकीशी ती बसलेली दिसली. मी गाडीजवळ गेलो नाही. साताऱ्याची गाडी लागली तशी मी तिच्यात बसलो.

घरी पोचलो तेव्हा बायकोनं दारातच विचारलं, “ती कुठाय?”

“माहेरी गेली. मुलाखतीत काय बोलली न्हाई. वाईट वाटलं असंल.”

“तुमी भाईर बसला हुता?”

“बाहेरच होतो.”

बायको दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, “घरात येवढी बोलत हुती.”

एजन्सी शिराळ्याकडच्या त्या बाईला मिळाली. पुढं कधीतरी सांगलीला गेलो असताना मी ते दुकान बघितलं. समोरच्या बाजूला उभं राहून बघितलं. ती टेबलाशी बसली होती आणि धाकटा दीर टेम्पोत टाक्या चढवत होता. गिऱ्हाईक बायका आत जाऊन तिच्यापाशी बसून बोलत होत्या. कचेरीत मी सांगितलं की अशा गोष्टी पैशाशिवाय होत नाहीत. शेजारचा कारकून म्हणाला, “जाऊ द्या शेठ, पेन्शन तर कुठं जात न्हाई.” पैसे कुणी मागितले नव्हते, याची मला पूर्ण कल्पना होती. त्यानंतर मी एजन्सीचा विचार सोडून दिला. बायकोला वाटलं, मी सुधारलो.

भावजयीनं सामान मागवून घेतलं. कवठ्याला बालवाडीत ती कामाला लागली, पेन्शन होतीच. कुणाच्या लग्नाकार्यात भेट व्हायची. ती बायकोशी पूर्वीसारखीच बोलायची, आणि मी आलो की पदर पुढं ओढून गप्प. रीत तशीच चालू होती, आणि मला ती सोयीची होती. ज्या बाईनं माझ्याशी बोलायचंच नाही तिनं मला काही विचारायचा प्रश्नच नव्हता.

पण बायकोचं तोंड कोण धरणार. तिचं मन वाईट नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की जाऊ ऐन वेळी घाबरली. ते ती ज्याला त्याला सांगायची, थोडं हळहळून, थोडं गमतीनं. “हितं घरात पोपटावानी बोलायची. साहेबापुढं गेली आणि दातखीळ बसली.” हळूहळू ते सगळ्या पै-पाहुण्यांत पसरलं. कवठ्यापर्यंत गेलं. एका लग्नात जेवणाच्या पंगतीला कुणीतरी भावजयीच्या तोंडावर म्हणालं, “हिला वाढायला सांगू नगा, साहेबावानी इचारलं तर पळून जाईल.” सगळे हसले. ती वाढत होती, वाढत राहिली. तिनं कधी सांगितलं नाही की दीर आत बसला होता. सांगितलं असतं तर दिराचा मान गेला असता. मी त्याच पंगतीत होतो. मी भात मागून घेतला.

असं चार-पाच वर्षं चाललं. मग दशक संपताना आमच्या मुलीला नर्सिंगच्या मुलाखतीला जायचं होतं. ती आरशासमोर केस विंचरत होती आणि बायको तिला बजावत होती, “तोंड उघडून बोल. काकूसारखं करू नगंस. तिनं सोन्यासारखी एजन्सी घालवली.”

मुलगी म्हणाली, “आई, काकू घाबरणाऱ्यातली न्हवती गं. मला आठवतंय की.”

“मग का बोलली न्हाई?”

मी तिथंच होतो, बूट घालत. मुलगी गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. लांबवून सांगितलं नाही. मी आत गेलो होतो. ती ‘हितंच बसा’ म्हणाली होती. टोपीवाल्यानंही बाहेर जा म्हटलं होतं. मी मुद्दाम बसलो.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं हातातली घडी पूर्ण केली. मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल.

“त्या सांजंला तुमी वर्तमानपत्र खाली ठिवलेलं बघितलं हुतं मी,” ती म्हणाली. “तवाच मला कळायला पाहिजे हुतं. कळलंबी असंल.”

मग तिनं पुढचा कपडा ओढला. “मी येवढ्या लोकांत तिला हसले,” असं ती एकदा म्हणाली, मला उद्देशून नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी एसटीनं कवठे महांकाळला गेली. येऊ का, असं मी विचारलं. “तुमी कशाला? तुमच्याशी ती बोलत न्हाई,” ती म्हणाली. मुक्काम करून ती परत आली. बरोबर ज्वारीचं गाठोडं होतं, भावजयीनं दिलेलं. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि आत ठेवलं. तिनं पाय धुतले, पाणी प्याली, तालुक्यात पाऊस कसा आहे ते सांगितलं.

मी विचारलं, “काय म्हणाली?”

“मला म्हणाली.”

“म्हणजे, काय?”

“आवं, तिनं मला सांगितलं. तुमाला सांगा म्हणून न्हाई सांगितलं.”

मी थोडा वेळ उंबऱ्यात उभा राहिलो. बायकोनं गाठोडं सोडलं आणि ज्वारी डब्यात ओतायला घेतली. त्या विषयावर ती माझ्याशी आजवर पुन्हा बोललेली नाही. पण पुढच्या लग्नकार्यात कुणी ती जुनी थट्टा काढली, तेव्हा सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशी ती म्हणाली, “ती घाबरली नव्हती. हे आत जाऊन बसले हुते.” लोक माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवून होय म्हणालो.